आरोग्यसेवेत लोकांचा सहभाग आणि विषमता: कोल्हापूर जिल्ह्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ग्रामपंचायत सदस्य, आशाताई, बचत गट, तरुण मंडळं आणि स्वतःच्या गावातल्या दवाखान्याबद्दल काही करू पाहणारे नागरिक नेहमी विचारतात ते प्रश्न इथं घेतले आहेत. क्रमाने वाचायची गरज नाही, अडलेला प्रश्न शोधा.

आरोग्याचं धोरण मुंबई-दिल्लीत ठरतं. गावातल्या माणसानं त्यात काय करायचं?

सगळंच तिथं ठरत नाही. सार्वजनिक आरोग्य हा राज्यघटनेनुसार राज्याचा विषय आहे. डॉक्टरांची पदं, मोठी औषधखरेदी, योजनांचे नियम मुंबईत ठरतात. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा केंद्र आणि राज्य मिळून घालतात. पण लसीकरणाचं सत्र कुठल्या वाडीत आणि कुठल्या वारी घ्यायचं, उपकेंद्राच्या किरकोळ निधीतून आधी पाण्याची टाकी घ्यायची की खुर्च्या, पावसाळ्याआधी कुणाच्या नावांची यादी करायची, हे गाव, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा परिषद इथं ठरतं. रोजच्या उपचारात माणसाला हेच जाणवतं.

वरच्या निर्णयांचा रस्ताही खालूनच जातो. अभियानाचा वार्षिक कृती आराखडा जिल्ह्याकडून राज्याकडे आणि राज्याकडून केंद्राकडे जातो. तुमच्या उपकेंद्राची गरज जिल्ह्याच्या आराखड्यातच नसेल, तर पुढं ती मंजूर होण्याचा प्रश्नच येत नाही. आराखड्याची तयारी आर्थिक वर्ष सुरू होण्याच्या कितीतरी आधी होते. फेब्रुवारी-मार्चमध्ये निवेदन घेऊन जाणाऱ्यांना ‘पुढच्या वर्षी बघू’ हे उत्तर मिळतं ते यामुळं. दिवाळीच्या आत ग्रामसभेचा ठराव तालुका आरोग्य अधिकाऱ्यांकडे पोहोचवा.

कोल्हापूर तर सुबत्तेचा जिल्हा. इथं विषमता कुठली?

ऊस, दूध आणि कारखानदारीमुळं जिल्ह्याची सरासरी चांगली दिसते, आणि मागं राहिलेली माणसं त्या सरासरीत दिसेनाशी होतात. पैसा आला म्हणून समता येत नाही याचा पुरावा याच जिल्ह्यात आहे. २००१ च्या जनगणनेत सहा वर्षांखालच्या दर १००० मुलग्यांमागं इथं ८३९ मुली होत्या. २०११ मध्ये हा आकडा ८६३ झाला. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे, तरी सोनोग्राफीचा खर्च परवडणाऱ्या भागातच मुली कमी झाल्या.

दुसरी विषमता अंतराची. उपकेंद्रासाठी लोकसंख्येचा निकष सपाट भागात ५,०००, डोंगराळ आणि आदिवासी भागात ३,००० असा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रासाठी तो ३०,००० आणि २०,००० आहे. कागदावर ही सवलत बरी वाटते. पण शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड, चंदगडच्या डोंगरांतले धनगरवाडे इतके विखुरलेले आहेत की ३,००० माणसं जमवायला मैलोन्‌मैल जावं लागतं. पावसाळ्यात वाट बंद झाली की बाळंतीण डोलीतूनच खाली आणावी लागते. मग निकष पूर्ण असूनही सेवा नाही, अशी अवस्था होते.

तिसरी कामाची. इचलकरंजीत यंत्रमागावर बारा तासांची पाळी करणाऱ्याला सकाळच्या बाह्यरुग्ण विभागात जायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी सोडायची. दहापेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी कामगार राज्य विमा योजना सहसा लागू होत नाही, त्यामुळं छोट्या कारखान्यातला माणूस विम्याच्याही बाहेर आणि मोफत दवाखान्याच्या वेळेच्याही बाहेर राहतो.

चौथी पाण्याची. २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. ज्याच्या घरी पाणी शुद्ध करायचं यंत्र आहे आणि जो नळाचं पाणी तसंच पितो, त्या दोघांना एकाच नळाचा धोका सारखा नव्हता.

दवाखान्यात जातीचा प्रश्न आता कुठं राहिलाय?

केसपेपरवर जात विचारून कुणी परत पाठवत नाही, हे खरं. भेद आता जागेत आणि वेळेत लपतो. उपकेंद्राची इमारत कुठल्या गल्लीला लागून बांधली, औषधफवारणी कुठल्या वस्तीत आधी आणि कुठल्या वस्तीत राहून गेली, गृहभेटी कुणाच्या दारापर्यंत होतात आणि कुणाला ‘तुम्हीच या’ असं सांगितलं जातं, हे बघा. वस्तीनिहाय नोंद ठेवल्याशिवाय हा भेद सिद्ध करता येत नाही आणि कुणी मान्यही करत नाही.

करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांनी १९१९ मध्येच सरकारी दवाखान्यांत अस्पृश्य मानलेल्या रुग्णांना इतरांसारखीच वागणूक द्यावी, असा हुकूम काढला होता. आजचा कायदा त्याहून स्पष्ट आहे. अस्पृश्यतेच्या कारणावरून रुग्णालयात प्रवेश नाकारणं हा नागरी हक्क संरक्षण अधिनियम १९५५ नुसार गुन्हा आहे. अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला दवाखान्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जाण्यापासून अडवणं हे अत्याचार प्रतिबंधक कायद्यातही गुन्हा धरलं आहे. पण अशी उघड घटना क्वचित हाती लागते. रोजचा भेद समितीच्या बैठकीतच पकडावा लागतो.

लोकांसाठी नेमक्या कुठल्या समित्या आहेत?

गावात ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समिती. १२ एप्रिल २००५ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून ती आली. मार्गदर्शक सूचनांनुसार किमान १५ सभासद, त्यांत निम्म्या महिला, आणि अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असायला हवेत. बैठक दर महिन्याला.

उपकेंद्र आता आयुष्मान आरोग्य मंदिर झालं असेल तर तिथं जन आरोग्य समिती असते. उपकेंद्र पातळीवर तिचे अध्यक्ष सरपंच आणि सदस्य सचिव समुदाय आरोग्य अधिकारी असतात. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयात रुग्ण कल्याण समिती असते. शहरातल्या वस्त्यांसाठी महिला आरोग्य समिती आहे, तिचं वेगळं उत्तर पुढं दिलं आहे.

लोकांनी सेवेवर देखरेख ठेवायची ही पद्धत महाराष्ट्रात आधीच वापरून झाली आहे. २००७ मध्ये देशातल्या नऊ राज्यांत लोकाधारित देखरेख सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्रातल्या अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आता धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांपासून सुरुवात झाली होती. गावाचं प्रगतिपत्रक, हिरवा-पिवळा-लाल रंग, जनसुनवाई (अधिकाऱ्यांसमोर लोकांनी आपल्या तक्रारी मांडायची सभा) ही सगळी साधनं त्या कामात वापरली गेली.

आमच्या गावातली समिती फक्त कागदावर आहे. सुरुवात कुठून करायची?

आधी कागद मागा. ग्रामसेवक आणि आशाताईंकडून तीन गोष्टी बघायला घ्या: सभासदांची यादी, गेल्या बारा महिन्यांचं इतिवृत्त आणि बँकेचं पासबुक. यादीतल्या प्रत्येकाला भेटून विचारा की आपण सभासद आहोत हे माहीत आहे का. बऱ्याचदा निम्म्या लोकांना माहीत नसतं आणि सह्या मात्र असतात. यावर लगेच भांडण काढू नका. ‘यादी जुनी झाली, नव्यानं करू’ असा विषय पुढच्या ग्रामसभेत ठेवला तर कुणाची अब्रू न जाता समिती बदलते.

नवी यादी करताना गावठाणातली ओळखीची नावं आधी लिहिली की वाड्या-वस्त्यांना जागाच उरत नाही. म्हणून उलट करा. सगळ्यात लांबच्या वाडीपासून नावं घेत गावात या. प्रत्येक वस्तीतून किमान एक बाई, एक दिव्यांग व्यक्ती किंवा तिच्या घरातलं कुणी, एक भूमिहीन मजूर. ज्यांना दवाखान्याची गरज जास्त पडते ती माणसं समितीत हवीत. खाजगी डॉक्टरकडं गाडीनं जाणाऱ्याला उपकेंद्र बंद आहे हे कळायला महिना लागतो.

खात्यावर दोघांच्या सह्या लागतात. ग्रामपंचायत निवडणुकीनंतर किंवा अंगणवाडी सेविका बदलल्यावर सह्या बदलून घेतल्या नाहीत तर खातं अडकतं आणि वर्षाचा निधी तसाच पडून राहतो. निधी न वापरला जाण्याचं हे सगळ्यात साधं आणि सगळ्यात नेहमीचं कारण. निवडणूक झाली की पहिल्या महिन्यातच ठराव, ओळखपत्रं आणि बँकेचा अर्ज उरकून घ्या.

पैसा किती येतो आणि कशावर खर्च करता येतो?

गाव समितीला वर्षाला १०,००० रुपयांपर्यंत अबंधित निधी. अभियानाच्या चौकटीत आरोग्य मंदिर झालेल्या उपकेंद्राला ५०,०००, प्राथमिक आरोग्य केंद्राला १,७५,००० आणि ग्रामीण रुग्णालयाला ५ लाख रुपयांपर्यंत वार्षिक तरतूद धरलेली असते. प्रत्यक्ष हाती आलेली रक्कम कमी असू शकते, कारण ती मंजुरीवर आणि आधीच्या खर्चावर अवलंबून असते. त्यामुळं आकडा पाठ करण्यापेक्षा पासबुक बघा.

अबंधित म्हणजे मनाला येईल तसा नव्हे. पाणी तपासणी, गप्पी मासे, वजनकाट्याची दुरुस्ती, गरीब रुग्णाला तातडीनं हलवायला गाडी, कुपोषित मुलांसाठी पूरक आहार असे सामूहिक आरोग्याचे खर्च यात बसतात. रंगरंगोटी, फलक आणि सत्कार यांतच तो संपला तर नियमात बसवून पैसा वाया घालवला असं म्हणावं लागेल. जानेवारीत शिल्लक दिसते आणि मार्चमध्ये घाईनं खरेदी होते. ते टाळायचं तर एप्रिल-मेच्या बैठकीत वर्षाचे तीनच खर्च ठरवा आणि त्यातला किमान एक सगळ्यात लांबच्या वस्तीसाठी ठेवा.

ग्रामपंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीयांसाठी १५ टक्के, महिला व बालकल्याणासाठी १० टक्के आणि दिव्यांगांसाठी ५ टक्के खर्च अपेक्षित असतो. पंधराव्या वित्त आयोगाच्या काळात (२०२१ ते २६) ६० टक्के निधी पाणी आणि स्वच्छतेला बांधलेला होता. आरोग्याच्या मागण्या या शीर्षकांत बसवून मांडल्या तर ग्रामसेवकाला नाही म्हणणं अवघड जातं. वाडीवरचं पाणी हाही आरोग्याचाच खर्च आहे.

ग्रामसभेत आरोग्याचा विषय कसा आणायचा?

सभेच्या किमान सात दिवस आधी नोटीस निघते. त्याआधीच विषय लेखी देऊन पोच घ्या. ऐनवेळच्या विषयांत आरोग्य आलं की तोवर निम्मी सभा उठलेली असते. गणपूर्तीसाठी एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यापैकी जी संख्या कमी असेल ती लागते. ती न भरल्यामुळं तहकूब झालेली सभा पुढं गणपूर्तीशिवायही भरते आणि मूठभर लोक सगळ्या गावाचे ठराव करतात. म्हणून पहिल्याच सभेला माणसं न्या.

ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहे. ती नुसत्या सह्यांची होऊ देऊ नका. पाळी, गर्भपात, अंगावरून जाणं, नवऱ्याची दारू हे विषय पुरुषांच्या सभेत निघत नाहीत. इथं निघतात, आणि ठराव होऊन पुढं जातात.

ठरावाची भाषा फार महत्त्वाची. ‘आरोग्यसेवा सुधारावी’ असा ठराव कुठल्याच टेबलावर हलत नाही. ठरावात वाडीचं नाव, घरं किती, उपकेंद्रापासून किती किलोमीटर, त्यातले किती पायवाटेचे, शेवटचं लसीकरण सत्र कुठल्या तारखेला झालं, आणि नेमकी मागणी काय, हे सगळं हवं. उदाहरणार्थ: ‘अमुक वाडीत दर महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी लसीकरण आणि गरोदर तपासणीचं सत्र घ्यावं. जून ते सप्टेंबर वाट बंद असल्यानं या चार महिन्यांतल्या सर्व बाळंतपणांची नावनिहाय यादी मेअखेर करावी.’ सभा संपायच्या आत ठराव वाचून घ्या आणि प्रत मागा. एक प्रत वैद्यकीय अधिकारी, एक तालुका आरोग्य अधिकारी, एक गटविकास अधिकारी यांना द्या आणि तिन्ही ठिकाणची पोच जपून ठेवा.

सभेत ठरावीक माणसंच बोलतात. बाकीच्यांना कसं आणायचं?

लोकसहभागाचं सगळ्यात मोठं अपयश इथंच होतं. ज्याचा आवाज आधीच मोठा, त्याच्याच मागण्या ‘लोकांच्या मागण्या’ म्हणून जातात. मुख्य गावातल्या लोकांना आरोग्य केंद्रात सोनोग्राफी यंत्र हवं असतं आणि धनगरवाड्याला नर्सबाईंची महिन्यातून एक फेरी हवी असते. हात वर करून मत घेतलं तर यंत्र जिंकतं. अशा सहभागानं विषमता वाढते. म्हणून मतदानानं प्राधान्य ठरवू नका. प्रत्येक वस्तीची पहिली मागणी आधी स्वतंत्र लिहून घ्या आणि मग ‘कुणाला आज काहीच मिळत नाही’ या निकषावर क्रम लावा.

वेळ आणि जागा बघा. भात लावणीच्या आणि भांगलणीच्या दिवसांत दुपारी दोनची बैठक म्हणजे मजूर बायकांना नकोच म्हटल्यासारखं आहे. संध्याकाळी दूध घालून झाल्यावर, समाजमंदिरात किंवा वाडीवरच्या अंगणात बसा. दर तिसरी बैठक तरी वाडीवर घ्या, म्हणजे अधिकाऱ्यांनाही ती वाट चालावी लागते. चार पानी अहवालापेक्षा त्या चालण्याचा परिणाम जास्त होतो. बैठकीत आधी पुरुष बोलले की बायका मान डोलावतात, म्हणून क्रम उलटा ठेवा. सरपंच पत्नी आणि कारभारी पती असेल, तर खुर्चीवर बाईच बसतील एवढा आग्रह धरा.

माहिती कशी गोळा करायची? आम्ही काही संशोधक नाही.

संशोधनाची गरजही नाही. चार जागी विचारा आणि दोन नोंदी बघा. मुख्य गावठाण, दलित वस्ती, सगळ्यात लांबची वाडी आणि बाहेरून आलेल्या मजुरांचा तळ, या चार जागी आठ-दहा बायकांच्या गटाशी बोला. तेच सात-आठ प्रश्न सगळीकडे विचारा: गेल्या तीन महिन्यांत नर्सबाई आल्या का? बाळंतपण कुठं झालं, गाडी कुणी दिली, पैसे पडले का? रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्या सलग मिळाल्या का, की बाहेरून आणल्या? उपकेंद्र दुपारनंतर उघडं असतं का? वागणूक कशी?

मग उपकेंद्रातली औषधसाठा नोंदवही आणि आगाऊ फिरती कार्यक्रम (नर्सबाई कधी कुठं जाणार त्याचं वेळापत्रक) बघा. लोकांचं सांगणं आणि नोंद जुळत नसेल तर तिथं थांबा. चूक दोन्हीकडे असू शकते. नर्सबाई आलेल्या असतात पण मंदिराजवळ बसून गेलेल्या असतात, आणि वस्तीला ते कळलेलंच नसतं.

प्रत्येक प्रश्नाला प्रत्येक वस्तीचा रंग द्या: ठीक असेल तर हिरवा, अर्धवट असेल तर पिवळा, मिळतच नसेल तर लाल. गावाची एकच सरासरी कधी काढू नका. एका ओळीत हिरवा, हिरवा, पिवळा आणि शेवटी लाल दिसला की विषमता कुणालाही वाचता येते, अक्षरओळख नसलेल्यालाही. रुग्णाचं नाव आणि आजार मात्र तक्त्यावर येऊ देऊ नका. क्षयरोग, एचआयव्ही, गर्भपात यांबद्दल तर गटात विचारूसुद्धा नका.

जनसुनवाई घ्यायची आहे. काय तयारी लागते?

पाच-सहा प्रकरणांपेक्षा जास्त घेऊ नका. प्रत्येकाचं लेखी निवेदन, तारीख, केसपेपर किंवा बिलाची प्रत आणि संबंधिताची संमती. ज्यांना नाव उघड करायचं नाही त्यांचं कुणी दुसऱ्यानं वाचावं. तालुका आरोग्य अधिकारी, जिल्हा आरोग्य अधिकारी, गटविकास अधिकारी यांना किमान पंधरा दिवस आधी पत्र द्या आणि प्रकरणांचं टिपणही आधी पाठवा. अचानक गाठलेला अधिकारी बचावात बोलतो, तर तयारीनं आलेला अधिकारी कधीकधी तिथंच आदेश देतो. मंचावर निवृत्त न्यायाधीश, शिक्षक, डॉक्टर, पत्रकार अशी दोन-तीन तटस्थ माणसं असावीत.

बिघडतं ते भाषणांनी. पुढाऱ्यांनी पहिला तास खाल्ला की धनगरवाड्यावरून चालत आलेली बाई न बोलताच परत जाते. प्रकरणं आधी, सत्कार आणि भाषणं नकोतच. प्रत्येक उत्तराला जबाबदार अधिकारी आणि मुदतीची तारीख लिहून घ्या, आणि महिन्यानं तेच कागद घेऊन पुन्हा भेटा. पाठपुराव्याची तारीख न ठरवता उठलेली जनसुनवाई वाया जाते.

जनसुनवाई जमत नसेल तर लोकशाही दिन आहे: तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकारी कार्यालयात पहिल्या सोमवारी. अर्ज आधी, ठरलेल्या नमुन्यात आणि वैयक्तिक तक्रारीचा लागतो.

माहितीचा अधिकार कधी वापरावा?

तोंडी आणि पत्रानं मागून मिळालं नाही तर. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प पुरतो आणि दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला तोही लागत नाही. महाराष्ट्रात एका अर्जात एकच विषय आणि १५० शब्दांची मर्यादा आहे. बरेच अर्ज इथंच अडकतात. ‘का’ असं विचारू नका, कारण कायद्यानं कागद मिळतो, खुलासा मिळत नाही. ‘रुग्ण कल्याण समितीच्या अमुक ते अमुक तारखांच्या बैठकांचं इतिवृत्त आणि खर्चाच्या पावत्या यांच्या प्रती’ असं लिहा.

उत्तराची मुदत ३० दिवस, आणि जीविताचा प्रश्न असेल तर ४८ तास. चुकीच्या कार्यालयात अर्ज गेला तर पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. उत्तर न आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या पुणे खंडपीठाकडे दुसरं. दुसऱ्या अपिलाला वेळ फार लागतो, म्हणून पहिल्या अर्जातच अभिलेख प्रत्यक्ष पाहण्याची मागणी करा. समोर बसून नोंदवही बघितली की पुढचे बरेच अर्ज वाचतात.

शहरात ग्रामसभा नाही. तिथं काय?

हा खरा खड्डा आहे. क्षेत्रसभेची, म्हणजे प्रभागातल्या भागाभागातल्या मतदारांच्या सभेची, तरतूद महापालिका कायद्यात आहे, पण गावात ग्रामसभा जशी भरते तशी ती शहरात रुजलेली नाही. त्यातच कोल्हापूर महापालिकेची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये आणि जिल्हा परिषदेची मार्च २०२२ मध्ये संपल्यावर दोन्हीकडे वर्षानुवर्षं प्रशासक राहिले. नगरसेवक आणि सदस्य नसताना दवाखान्याबद्दल विचारायला दारच उरत नाही. ज्याची ओळख वर आहे त्याचं काम होतं, सदर बाजार किंवा राजेंद्रनगरातल्या भाडेकरूचं होत नाही.

हाती आहे ती महिला आरोग्य समिती. ५० ते १०० घरांमागं एक, वर्षाला ५,००० रुपये. शहरी प्राथमिक आरोग्य केंद्र साधारण ५०,००० लोकसंख्येसाठी असतं. समिती नसेल तर शहरी आशाताईंमार्फत केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे लेखी मागणी करा. समितीत भाडेकरू आणि परप्रांतीय बायका घ्या, कारण शिधापत्रिका नसलेल्या घरांची नोंद सगळ्यात आधी सुटते. सर्वात उपयोगी मागणी वेळेची आहे. मजुरांच्या वस्तीतल्या केंद्रात संध्याकाळची बाह्यरुग्ण सेवा सुरू झाली तर रोजगार बुडवून दवाखान्यात यायची वेळ येत नाही.

ऊसतोड मजूर इथले मतदार नाहीत. त्यांच्यासाठी गावानं काय करावं?

गळीत हंगामात चार-पाच महिने ही माणसं आपल्या शिवारात राहतात. त्यांची मुलं खोपीवर असतात, गरोदर बायका फडात मोळ्या उचलतात, आणि ग्रामसभेत त्यांचा शब्द नसतो. लसीकरण आणि गरोदरपणातली तपासणी याला गावाची अट नाही. माता-बाल संरक्षण कार्ड बीडचं असो की धाराशिवचं, इथं चालतं.

टोळ्या उतरल्या की पहिल्या पंधरवड्यात मुकादमांकडून आणि साखर कारखान्याच्या शेती विभागाकडून तळांची यादी घ्या. दोन वर्षांखालची मुलं आणि गरोदर बाया मोजा. फेरी संध्याकाळी ठरवा, कारण टोळ्या उजाडायच्या आत फडावर गेलेल्या असतात आणि दुपारच्या सत्राला तळावर म्हाताऱ्यांशिवाय कुणी सापडत नाही. महात्मा फुले जन आरोग्य योजना राज्याची असल्यानं मराठवाड्यातल्या कुटुंबाला कोल्हापुरातल्या अंगीकृत (योजनेत सामील) रुग्णालयातही ती मिळते. मात्र शिधापत्रिका गावी राहिलेली असते. तिचा मोबाइलवर फोटो मागवून ठेवा आणि मूळ कागदाचं काय करायचं ते आरोग्यमित्राला, म्हणजे रुग्णालयातल्या योजनेच्या मदतनीसाला, विचारा.

उपचार मोफत म्हणतात, तरी पैसे का पडतात?

१५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार निःशुल्क आहेत. ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं त्यात येतात. सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, मात्र राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं, म्हणजे वैद्यकीय शिक्षण खात्याखालचं आहे. हा निर्णय त्या खात्याचा नव्हता. लोकांचा गोंधळ होतो तो इथं. सीपीआरमध्ये शुल्क मागितलं तर ते दरपत्रकात आहे का ते बघा आणि पावती घ्या.

महात्मा फुले योजना १ जुलै २०२४ पासून सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबांना लागू आहे, संरक्षण वर्षाला कुटुंबामागं ५ लाख रुपयांचं. ती यादीतल्या उपचारांना आणि अंगीकृत रुग्णालयांतच चालते. साध्या तपासणीला चालत नाही. भरती होतानाच आरोग्यमित्राला भेटा. आधी अनामत भरून नंतर योजनेत बसवायला गेलं की अडचण होते.

धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात राखीव असतात. वार्षिक उत्पन्नाची मर्यादा अनुक्रमे १,८०,००० आणि ३,६०,००० रुपये. तहसीलदारांचा उत्पन्न दाखला आणि शिधापत्रिका जवळ ठेवा. दाखल्यासाठी रुग्ण आजारी पडायची वाट बघू नका. गाव समितीनं वर्षातून एकदा शिबिर घेऊन दाखले काढून ठेवले, तर रात्री दोन वाजता कुणी अडत नाही. इतर खाजगी रुग्णालयांनाही २०२१ च्या नर्सिंग होम नियमांनुसार रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावावं लागतं.

सेवा मिळाली नाही तर आशाताईंना जाब विचारायचा का?

नाही. त्या मानधनावर आणि कामानुसार मोबदल्यावर काम करतात, आणि औषधसाठा, डॉक्टरांची हजेरी, गाडी यांवर त्यांचा कसलाही अधिकार नाही. देखरेखीचा सगळा जोर उतरंडीत सगळ्यात खालच्या बाईवर काढणं ही या कामातली नेहमीची आणि अन्यायाची चूक आहे. प्रश्न ज्याच्या सहीनं सुटतो त्याला विचारा.

महापुराच्या काळासाठी समितीनं काय तयारी ठेवावी?

२०१९ आणि २०२१ च्या पुरानं दाखवलं की पाणी सगळ्यांच्या दारात येतं, पण बाहेर पडायची सोय सगळ्यांकडे नसते. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. यादी त्याआधी, मेमध्येच हवी: जून ते सप्टेंबरमध्ये बाळंत होणाऱ्या बाया, डायलिसिसवरचे रुग्ण, इन्सुलिन घेणारे, क्षयरोगाचे उपचार चालू असलेले, अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे वृद्ध. प्रत्येकापुढं कुणाच्या गाडीनं आणि कुठं हलवायचं ते लिहा. गोळ्यांचा महिन्याभराचा साठा आधी द्यायला वैद्यकीय अधिकाऱ्यांना पत्र द्या. शिरोळ-करवीरमधल्या नदीकाठच्या गावांनी हलवायची सुरुवात इशारा पातळीलाच करावी, कारण डायलिसिसचा रुग्ण ४३ फुटांची वाट बघू शकत नाही. निवारा केंद्रात बायकांसाठी वेगळं स्वच्छतागृह आणि पाळीच्या पॅडची सोय यादीतच धरा, ऐनवेळी ती कुणाच्या लक्षात येत नाही.

तक्रार केली तर पुढं उपचारात त्रास दिला जाईल, ही भीती वाटते.

भीती रास्त आहे, विशेषतः गावात एकच दवाखाना असेल तेव्हा. म्हणून एकट्याच्या नावानं तक्रार देऊ नका. समितीच्या किंवा ग्रामसभेच्या ठरावातून द्या, व्यक्तीऐवजी सेवेबद्दल लिहा, आणि चांगलं काम झालं असेल तर तेही त्याच पत्रात नोंदवा. मारहाण, कोंडून ठेवणं, काळं फासणं असले प्रकार तर मुळीच नकोत. महाराष्ट्रात वैद्यकीय कर्मचाऱ्यांवरच्या हिंसेविरुद्ध २०१० पासून स्वतंत्र कायदा आहे, आणि एकदा गुन्हा दाखल झाला की मूळ प्रश्न बाजूला पडतो. दुर्गम भागात यायला तयार असलेला डॉक्टरही निघून जातो.

तातडीला लागणारे क्रमांक कुठले?

रुग्णवाहिका १०८, गरोदर माता आणि बाळासाठी १०२, आरोग्य सल्ला व तक्रार १०४, महात्मा फुले योजना १५५३८८. हे क्रमांक उपकेंद्राच्या भिंतीवर असतातच. वाडीवरच्या शाळेच्या, अंगणवाडीच्या आणि दूध संस्थेच्या भिंतीवरही रंगवून घ्या, आणि शेजारी वाडीत मोबाइलची रेंज नेमकी कुठं मिळते ती जागाही लिहा.